ओट्यावरचं बैरा बंदर

भोरला मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. खोली शोधत मी ज्या घरी गेले, त्या घराच्या ओट्यावर ऐन पायऱ्यांच्या तोंडाशी एक टेबल मांडलेलं होतं. टेबलामागं एक गृहस्थ बसले होते, उन्हाळ्याच्या दिवसांत गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालून. मी पायरीवर पाय ठेवला आणि त्यांनी हात वर केला.

"थांबा. देवी टोचल्यात?"

"टोचल्यात," मी म्हटलं.

"खूण दाखवा."

मी गारच पडले. खोली भाड्यानं बघायला आलेल्या बाईला कोणी दंड उघडा करायला सांगतं का? तेवढ्यात आतून आवाज आला, "बायकांची खूण मी बघते हो!" आणि पदराला हात पुसत घरमालकीण काकू बाजूच्या दारानं बाहेर आल्या. माझ्या पोलक्याची बाही वर सारून त्यांनी खूण पाहिली आणि "आहे," असं टेबलाकडं बघून सांगितलं. मग पुढचा प्रश्न आला.

"किती दिवस राहणार?"

"नोकरी आहे तोवर."

"परतीची एस.टी. कुठली?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. "राहायला आलेय मी. परतीची एस.टी. कशाला सांगू?"

"परत जायची सोय ज्याच्याकडं नाही, त्याला कुठल्याही देशात घेत नाहीत, बाई."

"हा देश नाही, भोर आहे."

"परवापरवापर्यंत इथं राजे होते," ते शांतपणे म्हणाले. "देश मोडला म्हणून शिस्त मोडायची नाही."

मी पुण्याची सकाळची गाडी सांगितली आणि मला आत घेण्यात आलं. पुढं सहा-सात वर्षं मी त्या घरात राहिले, आणि त्या गाडीनं कायमची गेले नाही याचं मला आजही बरं वाटतं.

गाव त्यांना न्यासाकाका म्हणायचं. आफ्रिकेच्या दक्षिण भागात, इंग्रजांच्या ताब्यातला न्यासालँड म्हणून एक देश होता, तिथल्या रेल्वेत त्यांनी ऐन उमेदीची सगळी वर्षं काढली होती. शेवटी स्टेशनमास्तर होऊन, पेन्शन घेऊन ते भोरला परतले. माणूस परतला, पण स्टेशन तिथंच राहिलं असं मात्र झालं नाही. ते त्यांनी बरोबर आणलं आणि ओट्यावर मांडलं.

त्यांच्या तपासणीतून कोणी सुटत नसे. माझा भाऊ मला भेटायला आला तर त्याला पिशवी उघडायला लावली आणि आईनं पाठवलेली पपई बाहेर काढून ठेवली. "फळं, रोपं, बिया, काही चालत नाही," म्हणाले. संध्याकाळी तीच पपई कापून आम्हां सगळ्यांना वाटली, त्याला काही हरकत नव्हती. वेल्ह्याकडच्या वाडीवरनं एक धनगर तूप घालायला यायचा. त्याला तर त्यांनी तिकडची भाषाच शिकवली होती. तो पायरीशी काठी टेकून उभा राहायचा आणि खड्या आवाजात म्हणायचा, "मुली ब्वांजी!" म्हणजे कसे आहात. काका दोन्ही हातांनी हलकीशी टाळी वाजवून उत्तर द्यायचे. मग तूप, मग "झिकोमो", म्हणजे आभार. मी एकदा त्या धनगराला विचारलं, हे असलं बोलायला तुला लाज नाही का वाटत? तो म्हणाला, "लाज कशाची, बाई? आमी मेंढरांसंगं बी बोलतो. त्यास्नी कळतं, ह्यास्नी तर लई आनंद व्हतो."

भाटघरच्या धरणाशी त्यांचं वैर होतं. भोरला कोणी पाहुणा आला की त्याला धरण दाखवायची पद्धत आहे. काका बरोबर यायचे, भिंतीवर उभं राहून पाण्याकडं बघायचे आणि नाक उडवून म्हणायचे, "पलीकडचा काठ दिसतोय. न्यासाच्या सरोवराला पलीकडचा काठ नाही. लाटा येतात, लाटा!" पाहुणा बिचारा खजील व्हायचा, जणू धरण त्यानंच बांधलं होतं.

पण हा नुसता चक्रमपणा होता असं म्हणाल तर चुकाल. पंचक्रोशीत कोणाला आफ्रिकेत जायचं असलं, मग ते कुठल्याही कोपऱ्यात असो, की तो आधी ह्या ओट्यावर यायचा. नसरापूरच्या एका दुकानदाराला भावाकडं दोन महिने नुसतं फिरायला जायचं होतं. काकांनी त्याला तासभर समोर बसवून घेतलं. देवीचा दाखला आणि पीतज्वराची लस, दोन्ही मुंबईला करून घ्यायचं. लस टोचली की लगेच बोटीत बसता येत नाही, मधे दिवस जावे लागतात. ऊबदार कपडे घ्यायचे, कारण तिथं जूनमध्ये थंडी असते. तळ्यात उतरायचं नाही, पाय धुवायलासुद्धा नाही, पाण्यातनं रोग होतो. मच्छरदाणीशिवाय झोपायचं नाही. भेटलेल्या माणसाची आधी खुशाली विचारायची. थेट कामाचं बोललात तर तिथले लोक तुम्हाला अडाणी समजतील, आणि ते बरोबरच असेल.

"आणि पाहुणा म्हणून चाललात ना? मग इथं धंदा कसा आहे, असं चुकूनही विचारू नका. गोऱ्या अधिकाऱ्याच्या मनात तेवढंच असतं, की हा आला तो राहणार."

दुकानदार म्हणाला, "रांगेत लई येळ जातो म्हणं?"

"रांगा तीन असतात," काका म्हणाले. "एक गोऱ्यांची, एक आपली, आणि तिसरी त्या देशातल्या माणसांची. सगळ्यात लांब ती तिसरी. देश त्यांचाच आहे. आपल्याकडं झालं तसं तिथंही होईल. आपण असू-नसू, ती रांग पुढं येणार."

हे बोलताना ते कोटाचं वरचं बटण काढायचे. एरवी कधी नाही. मला वाटतं मी त्यांच्या प्रेमात पडले ती त्या बटणापाशी. आपल्या लोकांनी तिकडून पैसा आणलेला मी पुष्कळ पाहिला होता, पण तिथल्या लोकांबद्दलची माया आणलेला हा एकच माणूस.

आणि काकू? काकू म्हणजे शांत पाणी. दिवसभर घरात वावरायच्या, पण टेबलापाशी कधी यायच्या नाहीत. ओट्यावर यायचं झालं तर टेबलाला वळसा घालून, बाजूच्या दारानं. ह्याचं कारण मला एका दुपारी कळलं. मी आणि त्या वाल सोलत बसलो होतो आणि मी सहज म्हणाले, "काकू, तुम्ही कधी गेलाच नाहीत का हो तिकडं?"

"गेले होते की," त्या म्हणाल्या. "बैऱ्यापर्यंत."

बैरा हे तिकडचं बंदर. न्यासालँडला जायचं तर मुंबईहून बोटीनं बैऱ्याला उतरायचं आणि पुढं आगगाडीनं. लग्नानंतर थोड्या वर्षांनी काकांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. सोबत एक गुजराती कुटुंब होतं. बोट धक्क्याला लागली, गोरा अधिकारी वर आला. टोचल्याचा दाखला बघितला, पासपोर्ट बघितला, आणि दुभाष्याकडून विचारलं, नवऱ्याचं नाव काय?

"कसं घेणार गं?" काकू म्हणाल्या. वालाची शेंग तशीच हातात होती. "हे खाली धक्क्यावर उभे. टोपी काढून हलवत होते. इतके जवळ, की शर्टाचं एक बटण तुटलेलं मला दिसत होतं. त्यांच्या तोंडासमोर, चारचौघांत, परक्या पुरुषाला नाव सांगायचं? उखाण्यात घेतलं असतं. लग्नात केवढे उखाणे घेतले होते मी! तिथं एक आठवला नाही. मी नुसतं बोट केलं. ते बघा, ते. गोरा म्हणाला, तिथं शंभर माणसं उभी आहेत."

"मग काकांनी नाही का सांगितलं?"

"ओरडून ओरडून सांगितलं. पण उत्तर बाईनंच द्यायचं होतं. जिला नवऱ्याचं नाव येत नाही ती कसली बायको, असं त्यानं धरलं. त्याच बोटीनं परत पाठवली मला."

पुढं सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग काकूंनी जायचा विषय काढला नाही आणि काकांनीही बोलावलं नाही. चार-चार वर्षांनी ते रजेवर यायचे, दोन महिने राहायचे आणि जायचे. "पाहुण्यासारखे," काकू म्हणाल्या. "आले की परतीची बोट ठरलेलीच असायची. एका शब्दानं कधी बोलले नाहीत मला. बोलले असते तर बरं झालं असतं." आणि त्यांनी शेंग सोलली.

त्यानंतर ओट्यावरच्या त्या टेबलाला मी हसले नाही. निदान तोंडावर तरी नाही.

अशात हौसा आली. आंबवड्याचा गणपत म्हणून एक होतकरू मुलगा भाटघरला फिटरच्या हाताखाली काम करायचा. काकांनी आपल्या जुन्या सोबत्याला सांगून त्याला न्यासालँडच्या रेल्वेच्या कारखान्यात लावून दिलं होतं. लग्न होऊन महिना झाला नाही तोच तो गेला. आता तीन वर्षांनी त्याला घर मिळालं होतं आणि त्यानं बायकोला, ह्या हौसाला, बोलावलं होतं. त्याला तिकडं धाडणारे काका, म्हणजे तिला पोचवायची जबाबदारीही त्यांनी स्वतःवरच घेतली. सासरा तिला दर बाजाराच्या दिवशी आंबवड्याहून घेऊन यायचा, आणि ओट्यावर बैरा बंदर सुरू व्हायचं. काका गोरा अधिकारी, मी दुभाषी.

पोरगी वेल्ह्याच्या बाजूची, डोंगरातली, धीट. देवीची खूण झटक्यात दाखवली. पण काकांनी पासपोर्ट उघडून "सुमन!" अशी हाक मारली तर ती मागं वळून बघायला लागली, कोण आलंय ते.

"अगं, तूच सुमन," मी म्हटलं. "लग्नात नाव बदललंय ना तुझं?"

"व्हय की!" ती खुदकन हसली. "घरात समदी 'ए पोरी' म्हनत्यात, बाई. सुमन म्हनून कुणी हाकच न्हाई मारली."

सुमन व्हायला तिला दोन बाजार लागले. मग कुठून आलीस, नवरा काय करतो, कुठल्या गावी उतरणार, हे सगळं ती पोपटासारखं सांगायला लागली. लिंबे हे गावाचं नाव तिला फार आवडलं. अडलं ते एकाच ठिकाणी. नवऱ्याचं नाव काय, असं विचारलं की ती मान खाली घालायची आणि पायाच्या अंगठ्यानं ओटा उकरायची.

गणपत हे नाव तिला वर्ज्य होतं म्हणजे किती? भाद्रपदातल्या देवालासुद्धा ती "मोरया" म्हणायची, पुढं काही नाही.

"उखान्यात घेते," ती एकदा म्हणाली.

"घे," मी म्हटलं.

तिनं पदर सावरला आणि एका दमात म्हटलं, "तोरण्याच्या पायथ्याला करवंदाच्या जाळी, गणपतरावांचं नाव घेते तपासणीच्या वेळी!"

मी टाळ्याच वाजवल्या. काकांनी कपाळाला हात लावला. "आणि दुभाष्यानं ह्याचं इंग्रजी केलं की गोरा काय विचारील, सांगू? करवंद म्हणजे काय? फळ आहे का? सामानात आहे का? ट्रंक उघडा! नाही, पोरी. जाळी नको, तोरणा नको. नुसतं नाव."

"नुसतं न्हाई घ्यायची म्या. जीभ झडंल."

"परत," काका म्हणाले. "पुढच्या बोटीनं परत."

हे ते दर वेळी म्हणायचे, आणि दर वेळी तिचे डोळे भरायचे. मला त्यांचा राग यायचा. मी सांगून पाहिलं की काळ बदललाय, आता इतकं कडक नसेल. ते म्हणाले, "नसेल. पण असलं तर? धक्क्यावर तो पोरगा उभा असेल."

शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं तिला पुण्याला आणि तिथून मुंबईला जायचं होतं. सासरा ट्रंक घेऊनच आला होता. तो ओट्याच्या कडेला बसला आणि आम्ही शेवटची तपासणी सुरू केली. सगळं सुरळीत झालं. मग तो प्रश्न आला. सासरा समोर, काका समोर. हौसाचं तोंड उघडलं, मिटलं.

"परत," काका म्हणाले. पण आज त्यांचा आवाज खाली गेला होता.

हौसा पायरीवर बसली आणि हमसून रडायला लागली. "मग न्हाई जात म्या! ऱ्हाते हितंच. त्यांनाच सांगा यायला. चार-सा वर्सांनी आले तरी चालंल मला!"

सासऱ्यानं निमूटपणे ट्रंकेची कडी धरली. "चल, पोरी. नशिबात नसंल तर काय करतीस."

तेवढ्यात आतलं दार वाजलं. काकू बाहेर आल्या. हात पिठानं भरलेले. बाजूच्या दारानं नाही, त्या सरळ ओट्याच्या मधून चालत आल्या, पायऱ्या उतरल्या, हौसाच्या खांद्यावर तशाच पिठाच्या हातानं थोपटलं, आणि पायऱ्या चढून टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"मला विचारा," त्या म्हणाल्या.

काका गोंधळले. "काय हे? आत जा बरं."

"विचारा म्हणते ना. पहिल्यापासनं."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी कुठं बघावं मला कळेना. शेवटी त्यांनी घसा साफ केला.

"देवी टोचल्यात?"

"टोचल्यात."

"कुठून आलात?"

"भोरहून. जिल्हा पुणे."

काका थांबले. टेबलावरचा हात त्यांनी मांडीवर घेतला, परत वर ठेवला. पुढचा प्रश्न त्यांच्या तोंडून निघेना. मी दुभाषी होते, तेव्हा तो मीच विचारला.

"नवऱ्याचं नाव?"

काकूंनी नाव सांगितलं. काकांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव. सगळं, सावकाश, सरळ त्यांच्याकडं बघत. उखाणा नाही, राव नाही, हसणं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ते नाव त्यांनी असं पहिल्यांदा उच्चारलं असेल. मी ते इथं लिहीत नाही. ते त्यांनी घ्यायचं नाव आहे.

काका खुर्चीत बसले होते ते तसेच बसून राहिले. त्यांच्या हनुवटीला कंप सुटला होता आणि तो लपवायला त्यांना हातही उचलता येत नव्हता.

"बघितलंस?" काकू हौसाला म्हणाल्या. "जीभ आहे जागच्या जागी. मी तेव्हा घेतलं असतं, तर आज ह्या ओट्यावर हे टेबल नसतं. ऊठ."

हौसा उठली. नाक पुसलं. टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि कोणी विचारायच्या आतच एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "गणपत! माझ्या नवऱ्याचं नाव गणपत!" की रस्त्यावरनं जाणारा एक सायकलवाला उतरून बघायला लागला. सासरा दुसरीकडं तोंड करून खोकला. मग म्हणाला, "लई मोठ्यानं घेतलं. पर बरुबर हाय."

"आत या," काका म्हणाले. एवढंच. आणि तिला, सासऱ्याला, मला, सगळ्यांना आत नेऊन काकूंनी गरम भाकरी वाढली.

हौसा गेली. मधले दिवस कसे गेले ते विचारू नका. काका एस.टी. स्टँडपर्यंत रोज चक्कर मारून यायचे, जणू बैऱ्याची बोट भोरला लागणार होती. पावसाळा सरत आला तेव्हा गणपतचं पत्र आलं. काका ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायला लागले. मी होते, काकू उंबऱ्यात बसल्या होत्या.

हौसा सुखरूप पोचली होती. तिथली हवा तिला मानवली होती, आणि मक्याच्या पिठाचं ते तिकडचं जेवण तिला आपल्या भाकरीपेक्षा मऊ वाटलं होतं. शेजारणीशी ती टाळी वाजवून बोलायला शिकली होती. आणि मग काकांचा आवाज जरा अडखळला. बैऱ्याला अधिकाऱ्यानं तिचे टोचल्याचे दाखले बघितले, शिक्का मारला आणि पुढं जायला सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलंच नाही. तेव्हा तिनं स्वतः परत फिरून, त्याच्या टेबलापाशी जाऊन, ते सांगितलं. तो हसला म्हणे. धक्क्यावर सगळ्यांना ऐकू गेलं, आणि गणपतनं लिहिलं होतं की मला काय करावं ते कळेना, मी टोपी काढली.

मी हसत सुटले. काका मात्र चेहरा पाडून म्हणाले, "विचारलंच नाही. नियम ढिले केले यांनी."

"म्हणजे मी उगीचच घेतलं की नाव," काकू म्हणाल्या. "इतक्या जणांसमोर. शोभा झाली."

काकांनी पत्राची घडी घातली. काकूंकडं न बघता ते म्हणाले, "उगीच कसं? त्यानं नसेल विचारलं. मला ऐकायचं होतं. बैऱ्याच्या धक्क्यावर उभा होतो ना, तेव्हापासून."

दूध उतू जाईल म्हणून काकू घाईघाईनं आत गेल्या. चुलीवर दूध नव्हतं.